सायबीण खंय बघता

माझ्याबद्दल मालवणच्या बाजारात तीन बातम्या फिरतात. पहिली, फादरांनी मला बंदी घातली. दुसरी, माझा हात थरथरायला लागला. तिसरी, घरोघर फिरणाऱ्या कुठल्याशा प्रार्थनावाल्याने मला सांगितलं की मूर्ती घडवणारा कायमचा आगीत जळतो, आणि मी घाबरलो. तिन्ही खोट्या. तिसरीत थोडं खरं आहे, पण लोक समजतात त्या जागी नाही.

मी पास्कू, धंद्याने रंगारी. होड्यांवर नावं घालतो, दुकानांच्या पाट्या रंगवतो, देवबागेत अलीकडे घराघरात पाहुण्यांच्या खोल्या झाल्या त्यांच्या भिंतींवर मासे आणि माड काढतो. आणि श्रावण लागला की गुणाजी मेस्त्रींच्या गणपतीच्या शाळेत डोळे काढत असे. ख्रिस्तावाने गणपतीचे डोळे काढावेत याचं बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. आमच्याकडे कोणाला वाटत नसे. लोक पाट उचलायला आले की फक्त विचारत, डोळे पास्कूचे ना? मग मूर्ती घेऊन जात.

ते डोळे मी सोडले. का सोडले हे आजवर कोणाला सांगितलं नाही. माझा स्वभाव मुळात बोलायचा नाही. डोळे काढताना श्वाससुद्धा धरून ठेवावा लागतो, ती सवय मग तोंडाला लागते. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या. त्या आहेत, सांगतोही. पण मधली एक गोष्ट गाळून पुढे जाणं आता जमणार नाही.

ज्यांनी गणपतीची शाळा पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे गणपती दुकानातून निवडून आणायची पद्धत जुनी नाही. घरातला पाट आधी शाळेत नेऊन द्यायचा, त्यावर नाव घातलेलं असतं, आणि त्याच पाटावर तुमचा गणपती बसतो. माती मळणं, अंग, सोंड, हात हे सगळं आधी होतं. मग सफेदा, मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने. डोळे सगळ्यांत शेवटी. तोवर शाळेत रांगेने आंधळे गणपती बसलेले असतात, आणि माणसं त्यांच्यामधून विड्या ओढत, चहा पीत फिरत असतात. डोळे काढले की त्याच माणसांचा आवाज आपोआप खाली येतो. हे मी दर वर्षी बघितलं आहे.

डोळ्याचं काम म्हणजे आधी पापणीची रेघ, मग पांढरा, मग बुबुळ, आणि शेवटी बुबुळावर तिळापेक्षा लहान पांढरा ठिपका. नजर बुबुळात नसते, त्या ठिपक्यात असते. तो इकडचा तिकडे झाला की देव छपराकडे बघतो नाहीतर शेजारच्या मखराकडे. मेस्त्रींनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं, "देव उभ्या माणसाकडे बघणा नाय रे, बसलेल्याकडे बघता." म्हणून ठिपका देऊन झाला की खाली उतरायचं, मूर्तीसमोर जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि वर बघायचं. नजरेला नजर मिळाली तर काम झालं. नाही मिळाली तर पुन्हा चढायचं.

हे बसून बघणं लक्षात ठेवा. पुढे त्याचंच सगळं झालं.

मला या धंद्यात मेस्त्रींनीच आणलं. देवबागेत एका होडीच्या नाळीवर मी रंगवलेला मासा त्यांनी बघितला आणि निरोप धाडला. घरी आई, आम्ही तिला माय म्हणत असू, पंचाईत करणार हे ठरलेलं होतं. माय आमच्या वाडीतल्या लहान चर्चमध्ये दर आयतवारी, म्हणजे रविवारी, मिस्सेची उपासना झाल्यावर मुलांना धर्म शिकवायची. दहा आज्ञा तिने आमच्या वाडीतल्या दोन पिढ्यांकडून घोकून घेतल्या होत्या, आणि पहिलीच आज्ञा अशी की दुसरा देव मानू नको, मूर्ती करून तिच्यापुढे वाकू नको. ती उठली. डोक्यावर पदर घेऊन थेट मेस्त्रींच्या शाळेत गेली आणि बाकावर बसली. मी मागे उभा.

"मेस्त्रीनू, हो देव आसा?" तिने एका अर्धवट गणपतीकडे बोट करून विचारलं.

"आता नाय, जुवानबाय. आता माती. चतुर्थेक भटजी मंत्र म्हणतले, तेवा देव. पाण्यात घातलो की परत माती."

"म्हणजे माझो झील माती करतलो."

"मातीच करतलो."

"हात जोडूक सांगशात काय तेका?"

"रंगान भरलेले हात जोडतलो कशे? माझे पितांबर खराब करतलो."

माय हसली नाही, पण तिचं समाधान झालं. तिने एकच अट घातली. चतुर्थी उद्यावर असली तरी आयतवारची मिस्सा चुकवायची नाही. मेस्त्रींनी कबूल केलं आणि त्यांच्या शब्दापुरतं ते जन्मभर पाळलं. आयतवारी सकाळी मी शाळेत दिसलो तर तेच ओरडत, "पास्क्या, तुझो देव वाट बघता, जा." चुकवायला पुढे मीच लागलो. चतुर्थीआधीच्या शेवटच्या आयतवारी कामाची घाई असे. मी मायला सांगायचो, कट्टा गावात काम होतं, तिकडच्या मिस्सेला जाऊन आलो. तिला खरं वाटायचं. माझ्यासारखा न बोलणारा माणूस खोटं बोलला तरी लोकांना खरं वाटतं. हा एक फायदा.

गिऱ्हाइकांचे किस्से म्हणाल तर पुष्कळ. एक ट्रॉलरवाला होता, त्याला देवाची नजर थोडी डावीकडे पाहिजे. का, तर देव बसतो त्याच्या डाव्या अंगाला खिडकी, खिडकीतून खाडी दिसते, खाडीत ट्रॉलर. देवाने ट्रॉलरवर लक्ष ठेवावं. मेस्त्री म्हणाले, मग देवाला ट्रॉलरवरच बसव, माझ्या शाळेत पाट कशाला आणलास? शेवटी मी डावीकडे केसभर ठिपका सरकवला. त्या वर्षी त्याला मासळी बरी मिळाली, आणि पुढच्या वर्षी तीन ट्रॉलरवाले डावी नजर मागायला आले. एक मुंबईकर मोबाईलवर सिरियलमधल्या गणपतीचा फोटो घेऊन आला, अगदी असेच डोळे पाहिजेत म्हणाला. मी काढले. न्यायला आला तेव्हा त्याच्या आईने बघितलं आणि म्हणाली, हो गणपती आमका वळखणा नाय. पुसून परत काढले. रेडीच्या एका विधवा बाईंनी तर फक्त एवढंच सांगितलं होतं, गेल्या वर्षीसारखे काढ, ह्यांनी बघितले होते तसे. गेल्या वर्षीचे डोळे तर समुद्रात विरघळलेले. तरी मी काढले, आणि त्या बाई बराच वेळ समोर डोळे पुसत बसून राहिल्या. उठताना मला म्हणाल्या, "तेच हत रे."

त्या दिवशी मी घरी चालत गेलो. सायकल शाळेतच विसरलो होतो. लोकांनी रडावं असं काहीतरी माझ्या हातात आहे हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. एवढं कळलं की माणूस पूर्वीसारखा राहत नाही.

तो प्रार्थनावाला याच सुमारास आमच्या अंगणात आला होता. गळ्यात टाय, काखेत पिशवी. सभ्य माणूस, आवाज मऊ. मायने त्याला कोकमचं सरबत दिलं. तो म्हणाला, आज्ञा स्पष्ट आहे, मूर्तीपुढे वाकणारा आणि मूर्ती घडवणारा, दोघांनाही अनंतकाळचा अग्नी. हाताने केलेलंच तुम्हाला तिकडे नेईल. मी मनात हसलो. गणपती कधी माझा देव नव्हता. मी ज्या पाटावर चहाचा कप ठेवत असे त्याला देव म्हणायचा प्रश्नच नव्हता. मायने त्याचं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, वाकूक मूर्ती लागता असा नाय हां, बाबा. मला वाटलं ती माझी बाजू घेते आहे.

आता चर्चमधल्या सायबिणीकडे येतो. सायबीण म्हणजे मरिया माता. आमची सायबीण लाकडी, गोव्यातून कोणीतरी होडीने आणलेली, वेदीच्या डाव्या बाजूला भिंतीतल्या कोनाड्यात उभी. मान किंचित झुकलेली, हात जोडलेले. तिचं एक वैशिष्ट्य होतं. चर्चमध्ये कुठेही उभे राहा, तिची नजर तुम्हाला सापडत नसे. लहानपणी आम्ही बाकांवर चढून, खांबाला लोंबकळून प्रयत्न करायचो. ती आमच्याकडे बघतच नसे. आणि त्यावरच मायचा पहिला धडा होता. नवी मुलं आली की ती त्यांना सायबिणीपुढे उभं करायची आणि विचारायची, "सांगा बघूया, सायबीण खंय बघता?" मुलं शोधायची. तिच्या डोळ्यांपासून मनातल्या मनात दोरी ताणत जायची आणि शेवटी वेदीमागच्या त्या लहान पेटीकडे पोचायची, जिथे पवित्र भाकर ठेवतात, आमच्या श्रद्धेने ती येशूच, आणि शेजारी तांबडा दिवा सतत तेवत असतो. मग माय म्हणायची, "ती बघता थय तुमी बघा. तिच्याकडेच बघत रवलात तर ती तुमका काय म्हणात? म्हणात, माझ्याकडे काय आसा, माझ्या पुतान थय घर केल्यान, थय जावा."

मूर्तीला मान देणं आणि मूर्तीला देव करणं यातला फरक सांगायला मोठमोठी प्रवचनं होतात. मायने तो एका दोरीत सांगितला. मीही तो तसाच शिकलो होतो.

एका पावसाळ्यात त्या कोनाड्यावरचं छप्पर गळलं आणि सायबिणीच्या तोंडाचा रंग पापुद्रे होऊन पडला. तिचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण, सप्टेंबरात, म्हणजे आमच्या गणपतीच्या धांदलीतच. फादर वसईकडचे, नवीन आलेले. त्यांनी मला विचारलं. मी सकाळी शाळेत डोळे काढायचो आणि दुपारी चर्चमध्ये शिडीवर असायचो. हात गरम होता. असा हात वर्षातून थोडेच दिवस असतो.

गाल, ओठ, ओढणी सगळं झालं. डोळेही झाले, जसे होते तसे, ठिपका दिव्याच्या बाजूच्या कोपऱ्याला. मी शिडीवरून उतरलो. आणि सवयीने तिच्यासमोर खाली बसलो आणि वर बघितलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही.

पुढे माय सोडून सगळ्यांना मी सांगत आलो की सवयीने हात घसरला, गणपतीचा ठिपका सायबिणीला पडला. लोकांना ते पटलं. थट्टाही झाली. पण हात घसरला नव्हता. मी बसलो होतो, बराच वेळ बसलो होतो. चर्चमध्ये कोणी नव्हतं. मला वाटलं, एवढे गणपती माझ्याकडे बघतात, ज्यांना मी माती म्हणतो ते बघतात, आणि हिने एकदाही बघू नये? मी पुन्हा चढलो. बुबुळं पुसली, समोर आणली, ठिपका मधोमध दिला. खाली उतरून बसलो. आता ती बघत होती. माझ्या अंगावर काटा आला. तो भक्तीचा होता असं मी स्वतःला सांगितलं.

फेस्ताला गर्दी झाली ती न भूतो. आधी आमच्याच बायका गुडघ्यावर बसल्या, वर बघितलं आणि रडायलाच लागल्या. मग बातमी पसरली. हिंदू कोळणीही येऊ लागल्या, सायबीण बघता म्हणे. अबोलीचे वळेसर म्हणजे गजरे, मेणबत्त्या, नवस. यात कोणाचं काही चुकत होतं असं मला आजही म्हणायचं नाही. दुःखात असलेल्या माणसाकडे कोणीतरी बघितलं तर तो तिथेच बसणार.

फादरांनी पंधरवडा जाऊ दिला. मग एके दिवशी मला बोलावलं. म्हणाले, "पास्कू, डोळे सुंदर झालेत. पण मी मिस्सा अर्पण करतो तेव्हा मला अर्ध्या लोकांचे नुसते कान दिसतात." मी खाली बघितलं. ते म्हणाले, पूर्वीसारखे कर, घाई नाही. मी हो म्हटलं. पण आधी गणपती होते, मग दिवाळी, मग थंडीत रंग नीट सुकत नाही, मग उन्हाळ्यात होड्यांची कामं. रंगाऱ्याला सबबी शोधायला लागत नाहीत. वर्ष गेलं, दुसरंही गेलं. भला माणूस, दर वेळी नुसता हसायचा.

आणि या काळात मी मिस्सेला नेमाने जायला लागलो. एकही आयतवार चुकवला नाही. माय खूश. तिच्या डोळ्यांत तोवर काचबिंदू उतरला होता, मी तिला हाताला धरून न्यायचो. सायबीण बघते हे तिच्या कानावर आलं होतं, पण भाबड्या बायकांचं बोलणं म्हणून तिने ते सोडून दिलं. ती पुढच्या बाकावर बसायची. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसायचो, तिथून सायबिणीपुढे बसलेल्यांचे चेहरे दिसत. कोणाचे डोळे भरतात, कोण किती वेळ बसतं, हे मी बघत असे. वेदीवर काय चाललं आहे याकडे माझं लक्ष नसे. सगळे गुडघे टेकत तेव्हा मीही टेकायचो. कोणापुढे, ते मला माहीत होतं. मेस्त्रींकडच्या गणपतींपुढे मी कधी वाकलो नाही आणि त्याचा मला केवढा अभिमान होता. इथे मी दर आयतवारी वाकत होतो, आणि समोर होती माझीच करामत.

मग एक आयतवार असा आला. मिस्सा संपली होती, मायची मुलं सायबिणीपुढे जमली होती. त्या फेस्तानंतरची पहिलीच नवीन बॅच. माय खुर्चीत बसून शिकवायची, दिसत नसलं तरी धडे सगळे पाठ. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, सायबीण खंय बघता? मी तिला न्यायला दारात उभा होतो.

लिली नावाची एक मुलगी म्हणाली, "माझ्याकडे."

"नीट बघ गो."

"माझ्याकडेच बघता, टीचर."

दुसरा म्हणाला, नाय, माझ्याकडे. मग सगळेच म्हणाले. मायला वाटलं मुलं आंधळ्या म्हातारीची चेष्टा करतात. तिने हात पुढे केला, लिलीचा कान चाचपून धरला आणि पिळला. म्हणाली, सायबिणीसमोर उभी रवान खोटा बोलतंस? लिली रडली. पण रडतानाही ती सायबिणीकडे बघत होती आणि तेच म्हणत होती, बघता, माझ्याकडे बघता. मी दारात होतो. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. मी चपला शोधत राहिलो.

घरी जेवताना मायचं लक्ष नव्हतं. म्हणाली, आजकालची पोरं देवळातसुद्धा खोटं बोलतात. मग थांबून म्हणाली, "पास्कू, तू रंगवलंस मा तिका. तू सांग. ती खंय बघता?"

"दिव्याकडेच बघता गो माय," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि जेवायला लागली. तिचा माझ्यावर इतका विश्वास होता की पुढे एक शब्द विचारला नाही. बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता, काही आवाज नव्हता. लिलीचं ते रडणं मात्र कानातून जाईना. पोरीने दिसलं ते सांगितलं आणि खोटारडी ठरली. ज्याने खोटं केलं तो पेजेत लोणचं कालवत बसला होता.

मी ताट बाजूला केलं आणि सगळं सांगितलं. पुन्हा शिडी चढलो तेही. कट्ट्याच्या खोट्या मिस्साही. शेवटच्या बाकावरून काय बघतो तेही. फादरांपुढे इतकी वर्षं कुमसार केलं, पापांची कबुली दिली, पण हे कधी तोंडातून आलं नव्हतं.

मायने हात धुतला. पहिलं बोलली ते लिलीबद्दल. "त्या चेडवाचो कान पिळलंय मी. खरा बोलता म्हणान."

मग म्हणाली, "नरक म्हणजे आग, असा माका शिकवल्यानी. मी पण पोरांका तसाच शिकवलंय. आता वाटता, आग-बिग असात नायतर नसात. माणूस जेका धरता, तेच्याबरोबरच तेका रवाचा लागता. कायमचा. देव ढकलणा नाय. तो विचारता, तुका काय व्हया? आणि तू इतकी वर्सां काय सांगतंस, तर माझो हात व्हयो."

मी तिच्यासमोरचं ताट उचललं.

"मी आता थोड्या दिसांची," ती म्हणाली. "थय गेलंय आणि तू नसलंस तर? हाताक घेवन तू खंयतरी दुसरीकडेच बसलंस तर मी काय करू? माका थय एकटीक रवाचा नाय रे, पास्कू."

आयुष्यात मला अनेकांनी देवाची भीती घातली. त्या टायवाल्याने आग दाखवली. कशानेच मी घाबरलो नव्हतो. मायच्या त्या वाक्याने घाबरलो. तिसऱ्या बातमीत खरं आहे ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी मेस्त्रींच्या शाळेत गेलो. खारीच्या केसांचा बारीक ब्रश तिथेच होता, मेस्त्री तो स्वतः बांधत. मेस्त्री म्हातारे झाले होते, खाटेवर बसून नुसती देखरेख करत. ब्रश कशाला म्हणून विचारलं, तर त्यांनाही सगळं सांगून टाकलं. एकदा तोंड उघडलं की मग बंद होत नाही. मला वाटलं ते हसतील. ते म्हणाले, "तुका डोळे दिलंय तेवा माझो हात थरथरत होतो काय रे?"

मी आठवलं. नव्हता. तेव्हा ते ऐन उमेदीत होते. इतक्या लवकर डोळे मला का दिले हे मी कधी विचारलंच नव्हतं, माझ्या हाताची कदर केली असंच समजत होतो.

"लोकांच्या घरात आरतेक उभो रवलंय की माका देव दिसणा नाय," मेस्त्री म्हणाले. "माझे डोळे दिसत. बरे झाले हत, असा वाटा. आरती सरा, आणि माका कळणा नाय कधी सरली. म्हणान तुका दिलंय. तू ख्रिस्ताव, तू आरतेक उभो रवणारच नाय. म्हटला, हेका ता बाधूचा नाय." मग तोंड वाकडं करून म्हणाले, "बाधला. जागो बदलल्यान फक्त."

मी तेव्हाच सांगितलं की या वर्षीपासून डोळे मी काढणार नाही. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. सुनेला हाक मारली आणि म्हणाले, पितांबर पुरे झाले, उद्यापासून डोळ्यांक बस. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. अजून ती डोळे काढते, आणि मी त्याच शाळेत अंगाला रंग देतो, पाट पुसतो. कोणी विचारत नाही की सोंड पास्कूची ना.

पुढच्या आयतवारी मिस्सेनंतर मायने लिलीला जवळ बोलावलं आणि सगळ्या मुलांदेखत तिचा हात धरून म्हणाली, तू खरा बोलत होतंस, मी चुकलंय. लिली लाजली आणि पळाली. मग, मी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, फादरांनी दार लोटून घेतलं, शिडी लावून दिली आणि धरून उभे राहिले. माय पुढच्या बाकावर बसली, हातात माळ, डोळे नुसतेच समोर.

बुबुळं पुसताना हात थरथरला. बाजारात म्हणतात ती दुसरी बातमी एवढ्यापुरती खरी धरायला हरकत नाही. पुसलेल्या जागी दोन पांढरे खळगे राहिले आणि थोडा वेळ सायबीण शाळेतल्या गणपतींसारखी आंधळी उभी होती. मग बुबुळं दिव्याच्या बाजूच्या कोपऱ्याला. मग ठिपका. पुढे बाहेर बायकांनी बोलायचं ते बोलून घेतलंच, पास्कून सायबिणीचे डोळे फिरवले, आता ती बघणा नाय. गर्दीही ओसरली. त्यांतल्या काही जणींच्या तोंडाकडे मला आजही धड बघवत नाही. त्यांची काही चूक नव्हती.

मी खाली उतरलो. सवयीने मांडी घालून बसलो आणि वर बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. खोटं कशाला सांगू, हात ब्रशाकडे गेला. दोन वर्षांपूर्वी इथूनच मी पुन्हा चढलो होतो. शिडी तशीच उभी होती.

"आता खंय बघता?" मायने बाकावरून विचारलं.

मी सायबिणीच्या डोळ्यांपासून दोरी ताणली, लहानपणी ताणायचो तशी. फुलदाण्यांवरून, वेदीच्या कोपऱ्यावरून, पेटीपर्यंत. दोन वर्षं दर आयतवारी त्या चर्चमध्ये बसलो होतो आणि तिकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"दिव्याकडे," मी म्हटलं.

"दिवो पेटता मा?"

"पेटता. पण दिसणा नाय, माय. काच काळी झाली आसा."

"मगे पूस ती," माय म्हणाली, आणि माळ ओढायला लागली.

ब्रश पुसायला आणलेलं फडकं माझ्या खांद्यावरच होतं. त्यावर सायबिणीच्या जुन्या नजरेचा काळा लागला होता. त्याचा कोरा कोपरा शोधला आणि काच पुसायला घेतली.